बकलकाकूंनी कापलेला वाघ

ट्रॅकवरचे लोक आगीला घाबरत, पण आग विझवता तरी येते. बकलकाकूंच्या कात्रीवर कुणाकडेच उतारा नव्हता.

शिंप्याची असते तशी ती लांब, काळ्या मुठीची कात्री त्यांच्या कमरेला नाडीने बांधलेली असे. शर्यतीच्या दिवशी सकाळी गाड्या तपासणीच्या रांगेत लागल्या, की काकू एकेका गाडीत कमरेपर्यंत शिरत आणि ड्रायव्हरला सीटशी जखडून ठेवणारे पट्टे बोटांनी चाचपत. एखादा पट्टा उन्हाने विटलेला निघे, एखादा तेल प्यायलेला, एखाद्याने आधीच एक धडक सोसलेली असे, एखाद्याच्या लेबलावरची तारीख उलटलेली. असा पट्टा मेला, हे काकूंनी एकदा ठरवलं की तो बाहेर ओढून मालकाच्या डोळ्यांदेखत कापायचा, ही त्यांची रीत. रडणं, ओळखी काढणं, काही चालत नसे.

"काकू, बाजूला ठेवा, मी वापरत नाही, शपथ!" असं कुणी म्हणालंच, तर त्या म्हणत, "माणूस मेला की परत येत नाही, बाबा. पट्टा येतो. कचऱ्यातून उठतो, आंघोळ करतो आणि दुसऱ्याच्या गाडीत जाऊन बसतो. त्यापेक्षा तुकडे केलेले बरे."

गंमत अशी, की याच बाईने अर्धं आयुष्य लोकांना हवं तसं कापून-जोडून देण्यात घालवलं होतं.

बाजाराच्या मागच्या गल्लीत, चपला शिवणाऱ्याच्या शेजारी, त्यांचं अल्टरेशनचं दुकान होतं. नवे कपडे त्या शिवत नसत. कुणीतरी कुणासाठी तरी शिवलेलं आणि आता कुणालाच न बसणारं, ते बसवून द्यायचं. वाढलेली पोटं, आटलेली पोटं, थोरल्याचं धाकट्याला, मेलेल्याचं जिवंताला. माप घेताना प्रत्येक गिऱ्हाईक श्वास रोखून उभं राही आणि वर म्हणे, "हल्ली कापडच आटतं हो." काकू म्हणत, "हो ना, कपाटात ठेवलं की फारच आटतं." आणि टेप कमरेभोवती आली की नेमकं विचारत, "बरं, सासूबाई कशा आहेत?" उत्तर द्यायला तोंड उघडलं की श्वास सुटतो. श्वास सुटला की पोट खरं बोलतं. सासूबाईंची चौकशी कधीच वाया गेली नाही.

काकूंच्या नवऱ्याला सगळे काका म्हणत, ते काकूंचे यजमान म्हणून. स्वतःच्या कर्तृत्वावर त्यांना कुणी काही म्हणत नसे. ते दुकानाच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचत आणि गिऱ्हाइकांना सांगत, "ही कुणाचंही काहीही सैल करून देते. फक्त माझं तेवढं घट्ट ठेवलंय."

तर अशा दुकानात एके दिवशी एक उंचापुरा पोरगा तळव्याएवढा रुंद लाल पट्टा घेऊन आला. "काकू, खांद्यावर लांब पडतोय. वीतभर आत घ्या." काकूंनी वीतभर आत घेतला. रंगाला रंग जुळवून, दुहेरी टाका घालून, असा की शोधूनही सापडू नये. पोरगा खूश, काकू खूश.

पुढच्या आठवड्यात तोच पट्टा घेऊन एक किडकिडीत, चष्मेवाले गृहस्थ आले. त्यांनी तो दोन बोटांत धरला होता, मेलेला उंदीर शेपटीने धरावा तसा. हे ट्रॅकवरचे मुख्य तपासनीस. सगळंच ते असं दोन बोटांत धरत, म्हणून लोक त्यांना चिमटासाहेब म्हणत.

"हे काम तुमचं?"

"माझंच. का हो, आवडलं नाही?"

"सुरेख आहे. याने एक माणूस मरणार होता."

काकू उसळल्या. "माझा टाका आजवर तुटलेला नाही!"

"चला, बघू," चिमटासाहेब म्हणाले.

ट्रॅकमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पट्टे बनवणाऱ्या कंपनीचं छोटं वर्कशॉप होतं. तिथे पट्टे ओढून तोडायचं मशीन होतं. काकूंनी शिवलेला पट्टा त्यात अडकवला आणि मशीन दोन्हीकडून खेचू लागलं. काकू हाताची घडी घालून उभ्या. टाका केसभर हलला नाही. मग धाडकन आवाज झाला. पट्टा टाक्यावर तुटला नव्हता, टाक्याच्या कडेला फाटला होता. सुईने पाडलेल्या भोकांच्या ओळीवर, टपालाची तिकिटं फाडावीत तसा, सरळ.

"टाका नाही तुटला," चिमटासाहेब म्हणाले. "तुमचं म्हणणं खरं."

यावर काकूंना बोलायला काही सुचलं नाही. काकांच्या मते ही आयुष्यातली पहिलीच वेळ, आणि ती बघायला नेमके ते तिथे नव्हते, याची हळहळ त्यांना कायम राहिली.

त्याच वर्कशॉपला हात हवे होते. काकूंनी गल्लीतलं दुकान बंद केलं. आता त्यांचं काम सरळ होतं. जुन्या पट्ट्याची बकलं काढायची, नवी पट्टी लावायची, ठरलेल्या नमुन्याने मोठ्या मशीनवर शिवायची. प्रत्येक घाण्यातले काही पट्टे मशीनवर मुद्दाम तोडून बघायचे, आणि ते पास झाले की बाकीच्यांवर तारखेचं लेबल शिवायचं. लेबल लागलं की संपलं. त्यानंतर त्याला कुणी सुई लावायची नाही, भोक पाडायचं नाही, आत घ्यायचा नाही, बाहेर सोडायचा नाही. लावलं, तर लेबल मेलं. अल्टर करून जगलेली बाई म्हातारपणी अशा धंद्यात आली, जिथे अल्टर करणं हाच गुन्हा. बाटगा जास्त कडवा म्हणतात, तसंच झालं; पुढे शर्यतीच्या दिवशी चिमटासाहेबांच्या जोडीने पट्टे तपासायचं कामही त्यांच्याकडेच आलं.

ड्रायव्हर लोकांची त्या मुळीच भीड ठेवत नसत. या पट्ट्यांत दोन खांद्यांवरून येतात, दोन कमरेवरून, आणि दोन पायांमधून वर येतात. ते शेवटचे दोन पुरुषमंडळी हटकून सैल ठेवत. काकू गाड्या दुरुस्त करायच्या सगळ्या पिटला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, "नातवंडं हवीत ना आईला? मग आवळ!" आणि स्वतःच्या हाताने आवळत. भन्नाट वेगाने गाडी हाणणारे पुरुष तेवढ्या वेळापुरते आकाशाकडे बघत.

म्हणून एकुलत्या एक लेकीने एका ड्रायव्हरशी लग्न ठरवल्याचं सांगितलं, तेव्हा काकू खुर्चीत बसल्या. "डॉक्टर आण, चोर आण, कुणीही आण. पण ज्याचे पायांमधले पट्टे मी आवळते, असा जावई आणू नकोस गं!"

आणलाच. तसा माणूस चांगला. आठवडाभर तो बिस्किटांच्या कंपनीची व्हॅन चालवी. बिस्किटं मोडू नयेत म्हणून बैलगाडीच्या चालीने, आणि त्याचा सगळा सूड रविवारी ट्रॅकवर उगवी. फुटक्या पुड्यातली बिस्किटं कंपनी ड्रायव्हरलाच देई, त्यामुळे लग्नानंतर तो हळूहळू रुंदावत गेला. काकूंना तो 'आई' म्हणे. काकू त्याला 'जावईबापू' म्हणत आणि 'बापू' शब्दावर असा काही जोर देत, की त्यात मान किती आणि पोट किती, हे ज्याचं त्याने समजावं.

त्या हंगामातली शेवटची शर्यत जावयाच्या दृष्टीने जगण्यामरण्याची होती. टायरची दुकानं असलेला एक बडा मालक नवा संघ काढत होता आणि ड्रायव्हर निवडायला स्वतः येणार होता. जावयाचं वय असं, की पुढच्या वर्षी त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. "आई, यंदा नाही तर बिस्किटं," तो म्हणाला. काकूंनी त्याच्यासाठी स्वतःच्या हाताने काळ्या पट्ट्यांचा नवा संच शिवला. मशीनवरचे नमुने पास झाले, लेबल लागलं, आणि संच लेकीच्या घरी पोचला.

चूक झाली ती तिथे. पट्टे गाडीत बसवण्याआधी काही दिवस लेकीच्या घरी राहिले.

शर्यतीच्या सकाळी काकू आणि चिमटासाहेब गाड्या तपासत जावयाच्या गाडीपाशी आले. काकू एका खिडकीतून आत शिरल्या, साहेब दुसरीकडून वाकले. काकूंनी खांद्याचे पट्टे उचलले आणि चष्मा नाकावर सरकवला.

डाव्या पट्ट्यावर पिवळ्या रेशमाने भरलं होतं 'माझा'. उजव्यावर 'वाघ'. साखळी टाका, एकसारखा, जणू छापलेला. 'वाघ'च्या दोन्ही अक्षरांत बारीक काळे पट्टेसुद्धा ओढले होते.

"आई, बघितलंस?" मागून लेकीचा आवाज आला. ती नवऱ्याचा दंड धरून उभी होती. "ह्यालाही आत्ताच कळलं. सरप्राइज होतं."

काकूंचा ऊर भरून आला. त्यात नवल नव्हतं. पोरीला दात यायच्या आधी सुई धरायला शिकवलेली. त्यांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला. 'घ'च्या टोकाला दोरा जरा सैल राहिला होता. काकूंच्या पदराला दुकानाच्या दिवसांपासून दोरा ओवलेली सुई टोचलेली असे. ती कधी हातात आली ते त्यांनाही कळलं नाही. खालून वर, वरून खाली, गाठ, आणि दोरा दातांनी तोडला.

"शेवट असा बांधायचा असतो. कितीदा सांगायचं तुला?"

हे बोलून झालं, आणि दोऱ्याचा तुकडा जिभेवर असतानाच काकू जागच्या जागी थिजल्या. समोरच्या खिडकीतून चिमटासाहेब चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत होते.

"काकू," ते हळूच म्हणाले, "आता हे पाप लेकीच्या नावावर लिहायचं, की आईच्या?"

काकू गाडीतून बाहेर आल्या. तोंडातला दोरा थुंकल्या. लेकीला अजून काही कळलं नव्हतं; जावयाला कळलं होतं, आणि त्याचा रंग बिस्किटासारखा झाला होता.

"आई," तो म्हणाला, "वरवरची नक्षी आहे. रेशमाची. त्याने काय होतंय?"

"रेशमाने काही होत नाही. सुईने होतं."

"अगं पण मी इतकी बारीक सुई घेतली होती!" लेक म्हणाली. आता तिच्याही लक्षात येऊ लागलं होतं.

चिमटासाहेबांनी घसा साफ केला. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाला सूट दिल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. "हे बघा काकू. पट्टा तुमचा, नवा कोरा. लेबल जागेवर, तारीख पुढची. माझ्या नियमात लेबल वाचणं येतं. पिवळा रंग मला या चष्म्यातून नीट दिसत नाही. तुम्ही पुढच्या गाडीकडे निघा, मी येतोच मागोमाग."

ही काकूंच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट मिनिटं. समोर टायरवाला मालक गॉगल लावून खुर्चीत बसला होता. जावयाने हात जोडायचे तेवढे बाकी होते. लेक तर डोळ्यांनीच बोलत होती. आणि सगळ्यांच्या वर ज्याचा धाक, तोच माणूस आज आंधळा व्हायला तयार होता. फक्त पुढच्या गाडीपाशी जायचं होतं, बस्स.

"साहेब," काकू म्हणाल्या, "तुम्हाला दिसत नसेल तर चष्मा बदला. मला दिसतंय."

त्यांनी पट्टा ओढला आणि कात्री काढली. कात्री जाडजूड पट्ट्यातून जायला वेळ घेते, कुरकुर करते. ती नेमकी 'वाघ'च्या मधून गेली. एका तुकड्यावर 'वा' राहिला, दुसऱ्यावर 'घ'. शेजारच्या गाडीचा मेकॅनिक तुकडा बघून म्हणाला, "वा!" आणि काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो गाडीखाली गेला तो बराच वेळ वर आला नाही.

"तू आई आहेस का कसाई?" लेक ओरडली.

"सध्या याची सासू आहे," काकू म्हणाल्या आणि 'माझा'कडे वळल्या.

लेक रडत मागच्या कट्ट्यावर जाऊन बसली. जावई गाडीच्या चाकाला टेकून जमिनीवर बसला. म्हणाला, "संपलं. बिस्किटं." अशा वेळी पलीकडून एक लांब सावली आली. हा खांबा, सहा फुटांच्या वर उंची आणि अंगावर मांस नावालाही नाही. सकाळच्या सरावातच त्याच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला होता.

"माझी गाडी तर मेली. पट्टे जिवंत आहेत," तो म्हणाला. "नवेच आहेत. घ्या, पण परत द्या हां."

काकूंनी ते पट्टे उन्हात धरून तपासले, लेबल वाचलं, मान हलवली. हुक जुळले. जावयाला गाडीत बसवलं. खांद्याचे पट्टे आले, पायांमधले आले. कमरेचे आले नाहीत. खांब्याच्या मापाने बनवलेले ते पट्टे शेवटपर्यंत सोडले, तरी बकल चार बोटं दूरच राहिलं.

"श्वास आत घ्या!" एक मेकॅनिक म्हणाला. जावयाने घेतला. बकल खट्कन लागलं. सगळे टाळ्या वाजवणार, एवढ्यात काकू खिडकीत वाकल्या.

"जावईबापू, आईसाहेब कशा आहेत तुमच्या?"

"बऱ्या आहेत, गुडघे तेव..."

श्वास सुटला. पोट बाहेर आलं, बकल पोटात रुतलं, आणि जावई आईसाहेबांच्या गुडघ्यांवरून थेट देवाच्या नावावर आला.

"शर्यतभर श्वास रोखणार आहात का?" काकू म्हणाल्या. "काढा ते." त्या गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. पट्ट्याला हात लावता येत नव्हता. गाडीला लावता येत नव्हता. माणूस तेवढा उरला होता, आणि काकूंनी जन्मभर माणसं बसवली नव्हती का? त्यांनी जावयाच्या सूटमध्ये हात घातला, लहान पोराच्या झबल्यात घालावा तसा. आतून एक जाड लोकरी बनियन निघालं. "हे काय?"

"ते... लकी आहे."

"काढा." मग त्यांनी त्याच्याखाली हात घातला. जावई दचकला. तिथून एक गुबगुबीत उशी निघाली. कडेला झालर. ही झालर कुणाच्या हातची, ते विचारायची गरज नव्हती.

"सीट कडक लागते म्हणाला होता तो," कट्ट्यावरून लेकीचा रडका आवाज आला.

"वरून वाघ आणि खालून उशी," काकू पुटपुटल्या. "बायकोचं प्रेम चहूबाजूंनी!"

उशी गेली तसा जावई सीटमध्ये खाली, खोल बसला. बकल लागलं. काकूंनी त्याला बोलायला लावलं, हसायला लावलं, त्याच्या आईच्या दोन्ही गुडघ्यांची सविस्तर हकीकत ऐकली. बकल जागचं हललं नाही, आणि जावई मोकळा श्वास घेत होता. चिमटासाहेबांनी सही केली आणि बराच वेळ चष्मा पुसला.

जावई त्या दिवशी खरोखर वाघासारखा धावला. शेवटच्या फेरीपर्यंत तो तिसरा होता आणि टायरवाला मालक खुर्चीतून उठून उभा राहिला होता. मग वळणावर त्याचा पुढचा टायर फुटला आणि गाडी सरळ भिंतीत गेली. टायर मालकाच्याच दुकानातला होता, त्यामुळे मालक जास्तच चिडला. "भिंतीला गाड्या लावणारे माझ्याकडे खूप आहेत," असं म्हणून तो चहा प्यायला निघून गेला. यंदाही बिस्किटं.

काकूंनी आयुष्यात धावणं सोडून दिलं होतं. त्या दिवशी त्या धावल्या, आणि लेकीच्या आधी गाडीपाशी पोचल्या. जावई आत शाबूत होता. त्यांना बघून पहिलं वाक्य बोलला ते हे: "आई, बनियन परत मिळेल का?"

काकूंनी तिथल्या तिथे त्याच्या डोक्यात टपली मारली. हेल्मेटमुळे लागली त्यांच्याच बोटांना.

ट्रॅकच्या दवाखान्याच्या खोलीत, लोखंडी कॉटवर, त्याचा सूट कमरेपर्यंत सोडला होता. डॉक्टर तपासून गेले होते. हाडं धड, बाकी ठणका. दोन्ही खांद्यांपासून छातीपर्यंत दोन रुंद निळे-जांभळे पट्टे उमटले होते, इतके स्वच्छ, की त्यांच्या कडासुद्धा सरळ. लेक मलम हातात घेऊन उभी होती, पण लावत नव्हती. काकू दारात थांबल्या. सकाळपासून लेक त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

लेकीने डाव्या निळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "इथे 'माझा' होतं."

"हं," काकू म्हणाल्या.

बोट उजवीकडे गेलं. "आणि इथे 'वाघ'." मग मागे न बघताच म्हणाली, "आई, माझा टाका तुटला असता का गं?"

"टाका नसता तुटला," काकू म्हणाल्या. "टाका तुझा चांगलाच होता."

लेकीने डबीतलं मलम आईपुढे धरलं, आणि काकूंनी उजवा खांदा घेतला, लेकीने डावा. "हळू हो!" वाघ ओरडला. दोघी एकदमच म्हणाल्या, "गप्प बसा!"

तेवढ्यात दारातून एक लांब सावली आत आली. खांबा. अवघडून म्हणाला, "जावईबापू वाचले, बरं झालं. काकू, ते... माझे पट्टे?"

काकूंनी मलमाचा हात पदराला पुसला आणि कमरेची कात्री चाचपली.

"ये हो बाळ," त्या म्हणाल्या, "तुझीच वाट बघत होते. तुझ्यादेखत कापायचे असतात."